पिशवीमागे साडेबावीस लिटर पाणी

आमच्या घराच्या पडवीवर स्लॅब टाकला तेव्हा मी सातवीत होते. घर समुद्राच्या इतकं जवळ, की पावसाळ्यात रात्री अंथरुणात गाज ऐकू येते. स्लॅबच्या दिवशी सगळ्या कामगारांना कोंबडी-वड्यांचं जेवण होतं. सतरा वर्षांनी एका दुपारी आई पडवीत तांदूळ पाखडत बसली असताना वरून वहीच्या पानाएवढी खपली तिच्या पुढ्यात पडली. मान वर केली तर सळया उघड्या पडलेल्या, तपकिरी, फुगलेल्या. बोट फिरवलं की पापुद्रे हाताला यायचे.

ज्यांनी तो स्लॅब टाकला ती माणसं कामचुकार नव्हती. त्यांनी उन्हातान्हात घमेली वाहिली, सिमेंटला हात राखला नाही. खारा वारा काँक्रीटच्या आत शिरतो हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही स्लॅब फोडला, राडारोडा उचलला आणि पुन्हा सिमेंट, सळई, वाळू, खडी आणली. एका पडवीसाठी सगळा माल दोनदा लागला.

आज मी स्वतः घरबांधणीच्या कामात आहे. ‘शाश्वत बांधकाम’ हा शब्द कानावर आला की सोलर पॅनलच्या आधी मला ती खपली आठवते. कागदावर ‘शाश्वत’ लिहितात, साइटवर गवंडी ‘टिकाऊ’ म्हणतो. कोकण किनाऱ्यावर या दोन शब्दांत फारसं अंतर नाही. जे घर वीस वर्षांत फोडावं लागत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्यांदा डोंगरही फोडावा लागत नाही. आणि घर वीस वर्षं टिकणार की साठ, हे नकाशापेक्षा माल कालवणाऱ्या, सळई बांधणाऱ्या आणि पाणी मारणाऱ्या माणसाच्या हातावर जास्त अवलंबून असतं. म्हणून कामगारांना काय शिकवायचं आणि कसं, हे नीट समजून घेऊ.

सिमेंट बदललं, सवय तीच

सिमेंटसाठी चुनखडी भट्टीत साधारण १४५० अंशांपर्यंत भाजतात. इंधनाचा धूर होतोच, पण त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड खुद्द चुनखडीतून सुटतो, कारण तो त्या दगडातच बांधलेला असतो. सिमेंटचा हा भाजलेला गाभा म्हणजे क्लिंकर. एक टन क्लिंकर तयार होताना साधारण ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. त्यामुळे क्लिंकर कमी करून त्याच्या जागी दुसरं काही घालण्याची खटपट सगळीकडे चालू आहे. औष्णिक वीज केंद्रातली राख मिसळली की पीपीसी होतं, पोलाद कारखान्यातली मळी म्हणजे स्लॅग मिसळला की पीएससी. भारतीय मानकांप्रमाणे पीपीसीत राख ३५ टक्क्यांपर्यंत आणि पीएससीत स्लॅग ७० टक्क्यांपर्यंत चालतो. समुद्रकाठी स्लॅग सिमेंट आणखी एका कारणाने चांगलं. ते नीट पिकलं तर काँक्रीटची छिद्रं बारीक होतात आणि मिठाला आत शिरायला पुष्कळ वेळ लागतो.

नीट पिकलं तर. सगळी मेख इथे आहे.

काँक्रीटच्या कामाचं आपलं मूळ मानक आयएस ४५६ आहे, सन २००० चं. त्यात साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस सतत ओलं ठेवायला सांगितलं आहे. राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस, आणि शक्यतो १४. साइटवर मात्र तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवला की क्युरिंग, म्हणजे काँक्रीट पाण्याने पिकवणं, झालं असं समजतात. दुकानात पिशवी बदलली, हाताची सवय जुन्या सिमेंटचीच राहिली. मिश्र सिमेंट सावकाश ताकद धरतं. चौथ्या दिवशी ते सुकू दिलं तर वरचा थर खडूसारखा भुसभुशीत राहतो, आणि समुद्रकाठी नेमका तोच थर सळईचं राखण करायला असतो. पर्यावरणाला चांगला असलेला माल न शिकलेल्या हातात पडला, तर तो साध्या मालाहून वाईट निघू शकतो. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच, आणि हिरव्या इमारतींच्या चर्चेत तीच सर्वांत कमी ऐकू येते.

उपाय साधा आहे. स्लॅबवर भाताच्या खाचरासारखे मालाचे छोटे बांध घालून पाणी उभं करायचं. खांबांना गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवायचं. ज्याने शेतात लावणीचं पाणी राखलंय, त्याला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. फक्त चौदा दिवस का, हे एकदा त्याला पटावं लागतं.

सळई आणि मीठ

चांगल्या काँक्रीटमध्ये सळई गंजत नाही. काँक्रीट अल्कधर्मी असतं, आणि त्यात लोखंडावर एक अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा तयार होतो. मिठातलं क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की तो पापुद्रा तुटतो. मग गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. आईच्या पुढ्यात पडलेली खपली अशी सुटली होती.

यावर पहिला उपाय म्हणजे सळई पुरेशी आत ठेवणं. तिच्यावरच्या काँक्रीटच्या जाडीला साइटवर ‘कव्हर’ म्हणतात. आयएस ४५६ प्रमाणे आतल्या, सौम्य हवामानात २० मिलिमीटर कव्हर पुरतं. किनाऱ्यावरच्या उघड्या कामाला ४५, आणि समुद्राचे तुषार उडत असतील तिथे ५०. पंचेचाळीस म्हणजे जवळपास पावणेदोन इंच. आमचा स्लॅब फोडताना मी पट्टी लावून पाहिली होती. काही ठिकाणी जेमतेम आठ मिलिमीटर भरलं. सळईखाली फरशीचे तुकडे सरकवले होते, आणि माल ओतताना माणसं वरून चालली की ते निसटतात. त्याऐवजी बांधायची तार आत घालून मालाचेच छोटे ठोकळे आदल्या आठवड्यात ओतून ठेवले आणि सळईला बांधले, तर ते हलत नाहीत. हे शिकवायला अर्धा दिवस पुरतो. सळई बांधणाऱ्या पोरांच्या हातात आधी एक गंजून फुगलेला तुकडा द्यावा. मग फार बोलावं लागत नाही.

दुसरा उपाय पाण्याचा.

मानक म्हणतं, किनाऱ्यावरच्या उघड्या आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, कामात काँक्रीट किमान एम-३० ताकदीचं असावं आणि पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पटीहून जास्त नसावं. पिशवी ५० किलोची, म्हणजे पाणी साडेबावीस लिटर. सिमेंट पूर्ण घट्ट व्हायला साधारण १९ लिटर पुरतं. त्यावरचं पाणी पुढे उडून जातं आणि जाताना आत बारीक वाटा सोडून जातं. मीठ त्याच वाटांनी येतं.

हे सूत्र म्हणून सांगून काही होत नाही, याचा अनुभव मला तळकोकणातल्या एका कामावर आला. तिथले मिस्त्रीकाका तीस वर्षं थापी चालवत होते. मी पाणी कमी करायला सांगितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “बाय, पाणी कमी घातलां तर माल सरकाचो नाय, आणि सळयेखाली पोकळ रवतलां.” त्यांचं खरं होतं. घट्ट माल नीट बसवला नाही तर सळईखाली पोळ्यासारखी भोकं राहतात, आणि ती जास्त पाण्याइतकीच घातक. तीस वर्षांच्या अनुभवाला चूक म्हणून शिकवायला सुरुवात केली की शिकवणं तिथेच संपतं.

मग आम्ही रंगाचे दोन रिकामे डबे घेतले. एकात त्यांच्या हाताचा माल भरला, पिशवीमागे बत्तीस लिटरच्या हिशेबाचा. दुसऱ्यात साडेबावीस लिटरचा, त्यात बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात प्लास्टिसायझर, आणि व्हायब्रेटर, म्हणजे माल थरथरवून बसवणारं यंत्र, लावून बसवलेला. प्लास्टिसायझर हे असं द्रावण आहे, जे सिमेंटचे कण एकमेकांपासून सुटे ठेवतं, त्यामुळे कमी पाण्यातही माल सरकतो. दोन्ही गोळे पाण्यात पिकवले आणि अठ्ठावीस दिवसांनी फोडले. पहिला तिसऱ्या घावाला बोद आवाज करून फुटला. दुसऱ्यावर हातोडी खणखणली. मग दोन्हींचे तुकडे एका ताटात, नीळ घातलेल्या पाण्यात उभे केले. संध्याकाळपर्यंत पहिल्यात निळा पट्टा बोटभर वर चढला होता, दुसऱ्यात नखाएवढा. काका बराच वेळ ते ताट बघत उभे होते. दुसऱ्या दिवशी कामावर आले तेव्हा त्यांच्या पंधरा लिटरच्या बादलीत आतून, बरोबर मध्यावर, लाल रंगाची रेघ होती. दीड बादली, साडेबावीस लिटर.

कोकणात यात आणखी दोन गुंते आहेत. वाळू बहुतेक वेळा ओली असते. पिशवीमागे ८०-९० किलो वाळू पडते. तिच्यात पाच टक्के ओल असली तर चार लिटर पाणी न घालताच मालात आलेलं असतं, ते बादलीतून वजा करायला हवं. मुठीत दाबून वाळूचा लाडू होतो का आणि तळहात ओला राहतो का, हे बघायची सवय लागते. दुसरा गुंता पाण्याच्या चवीचा. मार्च-एप्रिलमध्ये खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात, आणि कामांची घाई नेमकी तेव्हाच असते. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून जास्त चालत नाही. पाणी जिभेला खारट लागलं तर ते तपासून घेतल्याशिवाय मालात घालू नये. खाडीची न धुतलेली वाळूही तशीच. बाहेरून येणारं मीठ अडवायचं आणि आतून आपणच कालवायचं, असं व्हायला नको.

चिरा, चुना, छप्पर

चिऱ्याच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. चिरा म्हणजे जांभा दगड; तो खाणीतून कापून थेट भिंतीत बसतो, विटेसारखी भट्टी लागत नाही. खाणीत तो मऊ असतो आणि उघड्यावर हवा लागली की टणक होतो. जुने लोक चिरे एक पावसाळा उघड्यावर ठेवून मगच बांधायला घेत, ते याच कारणाने. पाणी किती पितो हे घरीही बघता येतं. सुका चिरा वजन करायचा, चोवीस तास पाण्यात बुडवायचा, पुसून पुन्हा वजन करायचं. वजन बारा टक्क्यांहून जास्त वाढलं तर तो चिरा मानकात बसत नाही.

जुन्या गवंड्यांना ठाऊक असलेली आणि आता विसरत चाललेली गोष्ट म्हणजे चिऱ्याला चिऱ्याहून कडक माल लावू नये. जांभ्याची ताकद काँक्रीटच्या मानाने फार कमी. त्यावर सिमेंटचा कडक गिलावा ठोकला की भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही, गिलावा पोकळ वाजू लागतो आणि दोन-चार पावसाळ्यांत सोलून येतो. चुन्याच्या मालातून भिंत श्वास घेते. शिवाय चुना घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेतो, भट्टीत सोडलेल्यापैकी बराचसा. पण चुना मुरवायचा किती, कालवायचा कसा, पावसात झाकायचा कसा हे माहीत असलेले हात आता मोजकेच राहिलेत. इथे प्रशिक्षण उलट दिशेने व्हायला हवं: म्हाताऱ्या गवंड्याला मास्तर म्हणून बसवावं, त्याचा मानधनासकट मान राखावा, आणि पोरांबरोबर आम्ही इंजिनिअरांनीही त्याच्यासमोर शिकायला बसावं.

चिरा म्हणजे आपोआप पर्यावरणपूरक असंही मी म्हणणार नाही. खाणी पडतात त्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर. पावसाळ्यात फुलांनी भरणारे हे कातळसडे, आणि त्यांच्यावरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली आहेत. तासताना, उतरवताना चिरा फुटू न देणारा कामगार सड्याचा तेवढा तुकडा वाचवतो.

छपराचा धडा वादळांनी दिला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, ताशी १०० किलोमीटरहून जोराचे वारे घेऊन. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. वारा छपराला खाली दाबतो असं आपल्याला वाटतं. खरं तर छपरावरून जाताना तो वर ओढतो, आणि सर्वांत जास्त कडांना नि आढ्याजवळ. साध्या खिळ्याने ठोकलेला पत्रा त्या ओढीत सरळ उपटून येतो. वाशा-पट्टीला खालून कवळणारा जे-हूक किंवा नट-बोल्ट तसा निघत नाही. तो जस्ताचा मुलामा दिलेला हवा, नाहीतर खारा वारा चार वर्षांत त्याला खातो. वळचणीच्या आणि आढ्याच्या रांगेत हूक जवळजवळ लावायचे. मंगलोरी कौलांच्या कडेच्या रांगा तारेने बांधायच्या. पडवीचं छप्पर मुख्य घराच्या छपरापासून वेगळं ठेवायचं, म्हणजे गेलंच तर एकटं जाईल. सुताराला यातलं काही अवघड नाही. वादळानंतरच्या घाईत मात्र पुष्कळ ठिकाणी पत्रे परत खिळ्यांनीच ठोकले गेलेले मी पाहिले, कारण घरावर ताडपत्री होती, पाऊस तोंडावर होता आणि सांगणारं कुणी नव्हतं.

शिकवायचं कधी आणि कुणाला

सरकारी योजना आहेत, आणि त्या माहीत असाव्यात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत गवंडी आणि सुतार दोन्ही आहेत. ५ ते ७ दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, इच्छा असेल तर १५ दिवसांचं पुढचं, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात गवंड्यांसाठी ४५ दिवसांचं प्रशिक्षण आहे, आणि त्याची रचना मला फार आवडते: शिकणारे एका लाभार्थीचं खरं घर बांधतात. ज्यांना काम येतं पण कागद नाही, त्यांच्यासाठी असलेलं कौशल्य तपासून दाखला देण्याची सोय आहे. बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा २०२५ मध्ये नव्या कामगार संहितांत सामावला. त्याखाली उभ्या राहिलेल्या राज्याच्या कल्याणकारी मंडळात वर्षात ९० दिवस काम केलेला १८ ते ६० वयाचा कामगार नाव नोंदवू शकतो. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून त्या मंडळाकडे पैसा येतो. तो कामगारांचाच पैसा आहे.

अडचण वेळेची आहे. चांगल्या गवंड्याची रोजची मजुरी ५०० रुपयांहून जास्त असते, आणि फेब्रुवारीत तो आठवडाभर वर्गात बसणार नाही. बसावं तरी का? कोकणात बांधकामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मेअखेर संपतो. जूनमध्ये काम थांबतं, मग लावणी येते. लावणी आटपल्यापासून गणपतीपर्यंतचे चार-सहा आठवडे हात मोकळे असतात आणि खिसाही रिकामा असतो. प्रशिक्षण तेव्हा, गावातल्या एखाद्या शेडखाली, पूर्ण मजुरी देऊन ठेवावं. बाहेरून आलेले कामगार मात्र पावसाळ्यात आपल्या गावी जातात. त्यांना हंगामातच, साइटवर, रोज सकाळचा अर्धा तास शिकवावं लागेल, आणि चिरेखाणीत कानडी बोलणारी मुलं असतील तर कानडीतून. चित्रं काढून सांगितलं तर भाषा फार आडवी येत नाही.

बायकांबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. आपल्याकडे प्रत्येक साइटवर बाई असते आणि ती बिगारीच असते. घमेलं तिच्या डोक्यावर, थापी तिच्या हातात नाही. माल किती पातळ झालाय हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं, कारण तो तिच्या पाठीवर गळतो. क्युरिंगचं पाणीही बहुधा तीच मारते. झारखंडमध्ये स्वच्छ भारत मोहिमेत शौचालयं बांधायला बायकांना गवंडीकाम शिकवलं, त्यांना तिथे राणी मिस्त्री म्हणतात. काँक्रीटचा दर्जा ज्या दोन कामांवर ठरतो, पाणी मोजणं आणि पाणी मारणं, त्या कामांवर आपल्याकडे आधीच ज्या उभ्या आहेत, त्यांना शिकवायला नंतर घेण्याचं कारण मला सापडत नाही.

आणि घरमालकाने मजुरीचा दर ठरवताना दोन गोष्टी विचाराव्यात. कव्हर किती ठेवणार? पाणी किती दिवस मारणार? या प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या गवंड्याला दिवसाला शंभर रुपये जास्त द्यावेत. शिकलेल्या हाताला बाजारात भाव मिळत नसेल, तर पुढचा कुणी शिकायला येणार नाही.

त्या लाल रेघेच्या बादलीची गोष्ट अजून चालू आहे. गेल्या हंगामात काका दुसऱ्याच एका कामावर होते, माझा तिथे काही संबंध नव्हता. मी सहज थांबले. मिक्सरवर एक विशीतली मुलगी होती. ती वाळू मुठीत दाबून बघत होती. मग तिने दुसरी बादली रेघेच्या दोन बोटं खालपर्यंतच भरली.